लोकल आणि लाइव्ह यांच्यामधली फाइल

प्रस्तावना

जँगोमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू करण्याची आज्ञा दिली की सेटिंग्जची एक फाइल आयती तयार होऊन मिळते. शे-सव्वाशे ओळींची. तिच्या वरच्या भागातच 'डीबग' नावाची ओळ असते, तिची किंमत 'ट्रू' असते आणि तिच्या डोक्यावर इशारा असतो की प्रॉडक्शनमध्ये हे चालू ठेवू नका. गंमत अशी की जँगोच्या पोटात ज्या मूळ किमती आहेत, म्हणजे आपण एक अक्षरही लिहिलं नाही तर ज्या लागू होतात, त्यांत डीबग 'फॉल्स' आहे. ज्यानं ती ओळ लिहिलीच नाही तो सुरक्षित, आणि ज्यानं आयती फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर चढवली तो उघड्यावर. लॅराव्हेलमध्येही हाच प्रकार: आतली मूळ किंमत बंद, पण सोबत मिळणाऱ्या नमुना फाइलीत डीबग चालू. नोडच्या जगात एक्स्प्रेस आणखी पुढे जातं. 'नोड ईएनव्ही' ही किंमत कोणी दिलीच नाही तर ते स्वतःला डेव्हलपमेंटमध्ये समजतं आणि चूक झाली की तिचा सगळा माग पाहुण्याच्या ब्राउझरवर छापून मोकळं होतं.

हे लिहिताना जँगोच्या कर्त्यांना दोष द्यायचा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत 2003 साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी हे फ्रेमवर्क रचायला घेतलं आणि 2005 च्या जुलैत ते सर्वांना खुलं झालं. बातमी शिळी होण्याआधी तिचं पान उभं राहिलं पाहिजे, अशी ती जागा. तिथे काम करणाऱ्याला पहिल्या तासात कुठे अडायला होऊ नये, चुकलं तर कुठे चुकलं ते ठळक दिसावं, ही अपेक्षा रास्तच होती. अडचण पहिल्या तासाला येत नाही. ती तिसऱ्या महिन्यात येते, जेव्हा तीच फाइल खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि पैसे सांभाळत असते आणि तिच्याकडे वळून बघायला कोणाला सवड नसते.

आपल्याकडच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर कानावर पडणारी वाक्यं आठवा. 'लोकलला चालतंय, लाइव्हला नाही.' 'यूएटीवर बघून घ्या, मग प्रॉडला टाकू.' या वाक्यांत एक गृहीतक आहे: कोड तोच, जागा वेगळी. मग जागेगणिक बदलतं ते काय? डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड, मेल पाठवणारी सेवा, पैसे घेणाऱ्या गेटवेच्या किल्ल्या, साइटचं नाव, चुका कोणाला दाखवायच्या आणि कुठे लिहून ठेवायच्या. एवढंच. पण प्रोग्रामनं कोणावर विश्वास ठेवायचा आणि कोणाला काय दाखवायचं, हे सगळं याच मूठभर ओळी ठरवतात. तरीही कोडचं परीक्षण करताना या ओळींवरून नजर घसरते, कारण त्यांत लॉजिक नसतं. मला विचाराल तर परीक्षणाची सुरुवातच तिथून व्हावी.

डीबग चालू राहिलं तर फार तर चार तांत्रिक ओळी दिसतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी पेट्रिऑनचं प्रकरण वाचावं. कलावंतांना चाहत्यांकडून नियमित वर्गणी मिळवून देणारी ही साइट 2015 च्या सप्टेंबरअखेर फोडली गेली. कंपनीनंच नंतर सांगितलं की शिरकाव झाला तो साइटच्या डीबग आवृत्तीतून, आणि ती आवृत्ती बाहेरच्या जगाला दिसत होती. पायथनच्या जगात वर्कझॉइग नावाचं एक साधन आहे. त्याचा डीबगर चूक दाखवणाऱ्या पानावरच पायथनची चालती खिडकी उघडून देतो. विकसकानं तिथल्या तिथे दोन ओळी चालवून बघाव्यात म्हणून. तीच खिडकी परक्या माणसाच्या हाती लागली तर सर्व्हरच त्याच्या हाती गेला. आणखी वाईट म्हणजे पेट्रिऑनच्या त्या चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची नक्कल ठेवलेली होती. कित्येक जीबी माहिती चव्हाट्यावर आली. त्यानंतर कंपनीनं प्रॉडक्शन नसलेले आपले सगळे सर्व्हर फायरवॉलच्या आड नेले.

जँगोचं चूक दाखवणारं पान तेवढं उदार नाही. ते कोड चालवू देत नाही. पण कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, हे सगळं ते दाखवतं आणि खाली सेटिंग्जची यादीही देतं. पासवर्ड झाकलेले असतात, असं सांगून लोक स्वतःची समजूत घालतात. ते कसे झाकले जातात ते बघा: सेटिंगच्या नावात 'की', 'पास', 'सिक्रेट', 'टोकन', 'एपीआय', 'सिग्नेचर' असा एखादा शब्द असेल तर तिच्या किमतीऐवजी तारका छापल्या जातात. तपासणी नावाची होते, आतल्या मजकुराची नाही. आता कोणी 'डेटाबेस यूआरएल' अशा नावाची सेटिंग ठेवली आणि त्या पत्त्यातच यूजर आणि पासवर्ड लिहिले, तर त्या नावात वरचा एकही शब्द नाही. पासवर्ड जसाच्या तसा पानावर.

मग शहाणीसुरती माणसं लाइव्हवर डीबग चालू का ठेवतात? आळस हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. डीबग बंद करताच एकामागून एक दारं बंद होतात, हे खरं कारण. जँगोचा स्वतःचा रनसर्व्हर स्टॅटिक फाइली देणं थांबवतो, आणि साइट तशीच त्याच्यावर चालवलेली असेल तर तिचे रंग, मांडणी, चित्रं सगळं जातं. (रनसर्व्हर प्रॉडक्शनसाठी नाही, हे जँगोच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी चालवणारे चालवतातच.) 'अलाउड होस्ट्स'च्या यादीत साइटचं नाव नसेल तर प्रत्येक विनंतीला 400 चं उत्तर मिळतं. आणि कुठे चूक झालीच तर 'सर्व्हर एरर 500' एवढंच कोरडं पान दिसतं. लॉगमध्ये बघावं तर तिथेही शुकशुकाट! जँगोच्या मूळ रचनेत डीबग बंद असताना चुका टर्मिनलवर छापल्या जात नाहीत; 'अॅडमिन्स' या यादीतल्या पत्त्यांवर त्या मेलनं जातात. ती यादी सुरुवातीला रिकामी असते. म्हणजे चूक झाली, आणि तिचा माग कुठेच उरला नाही.

अशा वेळी गिऱ्हाईक फोनवर आहे, साहेब मागे उभे आहेत, आणि एक शब्द बदलला की सगळं दिसायला लागतं. कोण बदलणार नाही? पुन्हा बंद करायचं मात्र राहून जातं. म्हणून या पुस्तिकेत डीबग बंद करण्याच्या प्रकरणाआधी लॉगचं प्रकरण ठेवलं आहे. ज्याला अंधारात दिसत नाही त्याला दिवा मालवायला सांगण्यात अर्थ नाही.

यातली एक चूक तर इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी थोडी जागा इथेच खर्च करतो. डीबगची किंमत फाइलीत न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायची, असं ठरतं. डॉट ईएनव्ही फाइलीत 'डीबग बरोबर फॉल्स' असं लिहिलं जातं आणि पायथनमध्ये ती किंमत वाचून 'बूल' या फंक्शनमधून काढली जाते. वाचायला सगळं बरोबर. पण एन्व्हायर्नमेंटमधून येते ती नेहमी अक्षरांची माळ, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कोणतीही माळ खरी. 'फॉल्स' हा पाच रोमन अक्षरांचा शब्द रिकामा नाही, म्हणून त्याची किंमत ट्रू! फाइल उघडून बघणाऱ्याला बंद दिसतं, सर्व्हरवर चालू असतं. उपाय साधा: आलेला शब्द थेट ताडून बघायचा, 'ट्रू' किंवा '1' असेल तरच चालू, बाकी काहीही आलं किंवा काहीच आलं नाही तर बंद. लॅराव्हेलचं 'ईएनव्ही' फंक्शन हे रूपांतर स्वतः करतं. साध्या पायथनमध्ये ते आपल्यालाच करावं लागतं.

सेटिंग्ज ठेवायच्या कुठे, यावर दोन घराणी आहेत. एक जुनं. 2004 साली आलेल्या रूबी ऑन रेल्सनं डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन अशी तीन वातावरणं आणि त्यांच्या तीन फाइली ही पद्धत रूढ केली. पीएचपीनंही 5.3 आवृत्तीपासून डेव्हलपमेंटची एक आणि प्रॉडक्शनची एक अशा दोन नमुना फाइली सोबत द्यायला सुरुवात केली. जँगोवाल्यांनी हीच रीत उचलली: 'बेस' नावाची एक फाइल, तिच्यावर उभ्या 'लोकल' आणि 'प्रॉडक्शन' अशा दोन. दुसरं घराणं हेरोकू कंपनीतलं. तिथल्या अॅडम विगिन्स यांनी 2011 च्या सुमारास 'ट्वेल्व्ह फॅक्टर अॅप' नावाचा मसुदा मांडला. जागेगणिक बदलणारी प्रत्येक गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, तिचे गट पाडू नका, असं त्यात आहे. सोबत एक कसोटीही आहे: तुमचा सगळा कोड या घटकेला जगजाहीर केला तर एखादी किल्ली उघडी पडेल का? पडणार असेल तर तुमची सेटिंग्ज कोडपासून वेगळी झालेली नाहीत.

कसोटी मला पूर्ण मान्य आहे. गट पाडू नका हे मात्र जसंच्या तसं मान्य नाही. लहान कंपनीत, जिथे सर्व्हरची जबाबदारी दीड माणसावर असते, तिथे वीस सुटी व्हेरिएबल्स वीस ठिकाणी विखुरली की लाइव्हवर नेमकं काय चालू आहे ते कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूनं तीन फाइलींची पद्धतही नकळत बिघडते. लोकलच्या फाइलीत एक 'इफ' येतो, मग दुसरा, आणि दोन वर्षांनी लोकल आणि प्रॉडक्शन हे दोन वेगळे प्रोग्राम झालेले असतात. मी सुचवतो ती मधली वाट आहे. सेटिंग्जची फाइल एकच ठेवावी आणि तिच्यातल्या मूळ किमती प्रॉडक्शनला शोभतील अशा, म्हणजे कडक, असाव्यात. ढिलाई हवी असेल तर ती लोकलवाल्यानं आपल्या मशीनवर मागून घ्यावी. 'सिक्रेट की' मिळाली नाही तर प्रोग्रामनं सुरूच होऊ नये; तात्पुरती किल्ली स्वतः बनवून पुढे रेटू नये. विसरणारा माणूस सुरक्षित बाजूलाच पडला पाहिजे, आणि विसरणार तर सगळेच.

किल्ल्यांबद्दल पुस्तिकेत सविस्तर आहे, इथे थोडक्यात. गिटमध्ये एकदा गेलेली किल्ली पुढच्या कमिटमध्ये खोडली तरी इतिहासात राहते, म्हणून खोडणं पुरत नाही. किल्लीच बदलावी लागते. रेपॉझिटरी खासगी आहे, हे सबबीपुरतं ठीक. 2016 साली उबरच्या खासगी रेपॉझिटरीत घुसलेल्यांना तिथेच अॅमेझॉनच्या क्लाउडची किल्ली मिळाली आणि सुमारे 5 कोटी 70 लाख प्रवासी नि चालकांची माहिती गेली. जगाला ते कळलं 2017 च्या नोव्हेंबरात. जँगोच्या 'सिक्रेट की'नं पासवर्ड बदलण्याच्या लिंका आणि सही केलेल्या कुकीज तयार होतात, त्यामुळे ती बदलली की लोक लॉगआउट होतील या धास्तीनं वर्षानुवर्षं तीच ठेवली जाते. 4.1 आवृत्तीपासून जुनी किल्ली काही काळ पर्यायी म्हणून ठेवण्याची सोय आली आहे. आता ती सबबही उरली नाही. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे, हेही लक्षात असू द्यावं: प्रोग्रामनं सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला ती वारशानं मिळतात.

दोन जागांमधला फरक फक्त सेटिंग्जच्या फाइलीत नसतो, आणि मराठीत मजकूर साठवणाऱ्यांना याचा फटका जरा जास्तच बसतो. लोकलला जँगोसोबत येणारं एसक्यूलाइट, लाइव्हला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, अशी जोडी सर्रास दिसते. एसक्यूलाइट रकान्याची लांबी पाळत नाही. पन्नास अक्षरांच्या रकान्यात ऐंशी घातली तरी मुकाट्यानं घेतं. पोस्टग्रेस नकार देतं. यात देवनागरीची आणखी एक मेख आहे. 'ग्रामपंचायत' हा शब्द आपल्या डोळ्यांना सहा अक्षरांचा, पण युनिकोडच्या हिशेबात ग, हलंत, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त असे अकरा घटक. इंग्रजी नावांचा अंदाज घेऊन ठरवलेली मर्यादा गावांच्या आणि संस्थांच्या लांबलचक नावांना लाइव्हवर अपुरी पडते, आणि तीही फॉर्ममधून भरताना नव्हे, तर एक्सेलची यादी स्क्रिप्टनं चढवताना; कारण फॉर्म लांबी तपासतो, स्क्रिप्ट तपासत नाही. मायएसक्यूएलच्या 8.0 पूर्वीच्या आवृत्त्यांची मूळ अक्षरसंहिता लॅटिन होती. तसा जुना सर्व्हर लाइव्हवर असेल आणि कोणी लक्ष घातलं नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहू शकते.

वेळेचंही तसंच. नव्या प्रोजेक्टमध्ये जँगोची वेळ यूटीसी असते. लिनक्सवर जँगो ती वेळ अख्ख्या प्रक्रियेला लावतं, विंडोजवर तसं करता येत नाही. त्यामुळे पुण्यातल्या विंडोज लॅपटॉपवर 'आजची तारीख' भारतीय वेळेनं मिळते, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात तीच ओळ कालची तारीख देते. मध्यरात्रीनंतर केलेल्या नोंदी आदल्या दिवसाच्या अहवालात का जातात, हे कोडं लोकलला कधीच उलगडणार नाही, कारण लोकलला ते घडतच नाही. फाइलींच्या नावांतलं लहान-मोठं रोमन अक्षर विंडोज आणि मॅक सोडून देतात, लिनक्स सोडत नाही. 'लोगो' लाइव्हवरून गायब होण्याचं हे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण.

म्हणून मधे स्टेजिंग हवं. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी वेशभूषा, प्रकाश, संगीत सगळं लावून रंगीत तालीम करतात ती उगाच नाही. पण स्टेजिंगचे स्वतःचे दोन धोके आहेत. पहिला, तिथून खऱ्या माणसांना काहीतरी जाणं. 2021 च्या जूनमध्ये एचबीओ मॅक्सच्या अनेक वर्गणीदारांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक 1' अशा विषयाचा मेल गेला. कंपनीनं चूक कबूल केली, इंटर्नचं नाव पुढे केलं आणि लोकांनी हसण्यावारी नेलं. तो मेल कर्जाच्या थकबाकीचा असता तर कोणी हसलं नसतं. दुसरा धोका खऱ्या डेटाची नक्कल. पेट्रिऑनचं बघितलंच. आपल्याकडे 2023 साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला, त्यात माहितीची वाजवी सुरक्षा न राखणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सभासदांचा अख्खा डेटाबेस 'टेस्टिंगला लागतो' म्हणून पेनड्राइव्हवर देणाऱ्या संस्थांनी हा आकडा एकदा वाचावा.

आणि तरीही एकदा स्टेजिंगनंच प्रॉडक्शनला वाचवलं आहे. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅबचा एक अभियंता डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवरचा फोल्डर पुसायला गेला आणि आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. दोन्ही खिडक्या सारख्याच दिसत होत्या, नावांत फरक एका आकड्याचा. सेकंद-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. रोजचे बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे कधीपासून होतच नव्हते, आणि ते होत नसल्याचे मेल स्वीकारलेच जात नव्हते. हाती लागली ती त्याच अभियंत्यानं सुमारे सहा तास आधी स्टेजिंगसाठी काढलेली एक प्रत. तिच्यावरून साइट पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबनं हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि सविस्तर अहवाल छापला. त्या अहवालातल्या उपायांत एक अगदी साधा होता: टर्मिनलच्या ओळीवर सर्व्हरचं नाव आणि वातावरण ठळक दिसावं. तेवढं आपणही आज करू शकतो. लाइव्हची ओळ लाल करायला पाच मिनिटं लागतात.

या पुस्तिकेतली उदाहरणं जँगोची आहेत, कारण एकाच फ्रेमवर्कमध्ये खोलवर गेलं की बाकीच्यांमधली तीच जागा शोधणं सोपं जातं. कुबरनेटिस आणि मोठ्या क्लाउडच्या गुंतागुंतीत मी शिरलेलो नाही. एक-दोन सर्व्हरवर चालणाऱ्या साइट्स आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही. वाचकाला पायथन कामापुरतं येतं आणि सर्व्हरवर लॉगिन करता येतं, एवढं गृहीत धरलं आहे.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी मात्र एक विनंती. जँगोच्या 1.8 आवृत्तीपासून 'चेक' या आज्ञेला 'डिप्लॉय' हा पर्याय जोडता येतो. तुमच्या चालू साइटच्या सर्व्हरवर, प्रॉडक्शनच्याच सेटिंग्ज वापरून, ती आज्ञा एकदा चालवा. ती काहीही बदलत नाही, फक्त इशारे छापते. त्यांतले काही तुमच्या रचनेला लागू नसतील, आणि एचएसटीएसचा इशारा तर प्रकरण वाचल्याशिवाय अंमलात आणूच नका, कारण ती सेटिंग चुकली तर ब्राउझर महिनोन्महिने हट्ट सोडत नाहीत. पण यादीत डीबग चालू असल्याचा इशारा निघाला, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करा.